झाकली मूठ आणि आतला चोर

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. मुठीत काय आहे हे जोवर कळत नाही, तोवर तिची किंमत पाहणाऱ्याच्या कल्पनेने वाढत राहते. आणि मूठ उघडली की तीत कधी कधी नुसता घाम निघतो! महाविद्यालयात मराठी शिकविताना या म्हणीचा अर्थ मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. पण एखादा चौकस विद्यार्थी मध्येच विचारतो, "सर, नुसतं झाकून ठेवल्यानं वस्तूचं रक्षण होतं का?" प्रश्न साधा दिसतो, उत्तर मात्र तितके साधे नाही. दाराला कुलूप न लावता दार कोठे आहे हेच चोराला कळू दिले नाही, तर चोर थांबेल काय? आणि कुलूप लावलेच असेल, तर पुन्हा दार लपविण्याची यातायात कशाला?

संगणकाच्या जगात याच प्रश्नावर गेली कित्येक वर्षे जाणत्यांचे दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, झाकणे ही नुसती भोंदूगिरी. दुसरा म्हणतो, झाकल्यावाचून आतला चोर सापडतच नाही. मराठीच्या मास्तराने या वादात नाक का खुपसावे, असे वाचकांना वाटेल. पण आज प्रत्येक घरात, किंबहुना घरातल्या प्रत्येकाच्या खिशात, एक संगणक येऊन बसला आहे. बँकेचा जमाखर्च, डॉक्टरचे कागद, मुलांचे फोटो, सारे त्याच्या पोटात. तेव्हा हा वाद आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

वाडा आणि बिऱ्हाडकरू

जुन्या पुण्यातल्या एखाद्या वाड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मालक एक, बिऱ्हाडे अनेक. खोल्यांना ज्याची त्याची कुलपे. चौक, जिना आणि नळ मात्र सामाईक. कोणाला कोणती खोली, पाणी कोणी केव्हा भरायचे, जिन्याखालच्या कोठीची किल्ली कोणाच्या हाती, हे सारे मालकाच्या वतीने दिवाणजी पाहतो. संगणकातल्या या दिवाणजीचे नाव ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही सगळी त्याच कुळातली मंडळी. बिऱ्हाडकरू म्हणजे तो संगणक वापरणारी माणसे आणि त्यांची चालू असलेली कामे. तुमच्या मोबाइलमधले प्रत्येक ॲप हेसुद्धा असेच एक बिऱ्हाड. सकाळी पंचांगाचे ॲप घेतले, दुपारी खेळाचे. म्हणजे नकळत दोन नवे भाडेकरू आपण वाड्यात आणून ठेवले!

चोर दोन जातींचे असतात. एक वेशीबाहेरचा, त्याच्यासाठी दिंडी दरवाजा आणि अडसर. दुसरा आतला. त्याला वाड्यात खोली मिळालेलीच असते. मग तो मुळातला भाडेकरू असो, की एखाद्या गरीब भाडेकरूची किल्ली लांबवून शिरलेला भामटा असो. त्याची इच्छा एकच: भाडेकरूचा मालक व्हायचे, म्हणजे सगळ्या खोल्या उघड्या.

असा माणूस पहिल्या दिवशी काय करतो? चोरी करीत नाही, चौकशी करतो. दिवाणजी, आपले नाव काय? आपण कोणत्या सालचे? (म्हणजे त्या सालच्या दिवाणजींची प्रसिद्ध व्यंगे कोणती, हे पाहून घेता येते.) आत्ता घरात कोण कोण आहे? कोणाच्या चुलीवर काय शिजते आहे? कोठीची चावी कोणत्या खुंटीवर असते? आणि गंमत अशी, की जुना दिवाणजी या सर्व प्रश्नांची उत्तरे मोठ्या अदबीने देत असे! आजच्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम ज्या युनिक्सचे वळण गिरवितात, ती युनिक्स १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जन्मली. वापरणारे सगळे एकमेकांचे सहकारी, रोज एकत्र चहा पिणारे. त्यांना एकमेकांपासून काय झाकायचे होते? पुढे वाडा वाढला, अनोळखी बिऱ्हाडे आली. पण दिवाणजीची बोलकी सवय राहून गेली.

एका भाषाशिक्षकाचा आक्षेप

मग दिवाणजीला गप्प बसविले की झाले, असे कोणी म्हणेल. पण येथे एक थोर आक्षेप आडवा येतो, आणि तो घेणारा गृहस्थ माझ्याच पेशातला आहे याचा मला थोडा अभिमान वाटतो. ओग्युस्त केर्कहॉफ्स हा जन्माने डच. पॅरिसमधल्या एका विद्यालयात तो जर्मन भाषा शिकवी. १८८३ साली लष्करी गुप्तलिपीवर त्याने फ्रेंच नियतकालिकात दोन हप्त्यांचा एक लेख लिहिला. त्यातला एक नियम आज त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याचा आशय असा, की गुप्तलिपीची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असावे ते फक्त किल्लीचे.

विचार अगदी घरगुती आहे. कुलपाची बनावट कारखान्यातल्या शंभर कामगारांना ठाऊक असते. तीच जर कुलपाची ताकद असेल, तर एक कामगार फुटला की गावातली सगळी कुलपे निकामी. किल्ली हरवली तर एकच घर उघडे पडते, आणि कुलूप बदलता येते. म्हणून शहाण्याने भरवसा ठेवावा तो किल्लीवर. कारागिराच्या मौनावर नव्हे.

हा नियम इतका खरा आहे, की पुष्कळ संगणकपंडितांनी त्याचा उलटा अर्थ काढला: झाकणे म्हणजे मूर्खपणा! केर्कहॉफ्स तसे म्हणालेला नाही. झाकण्यावर विसंबू नका एवढेच त्याचे म्हणणे. विसंबू नका आणि झाकूच नका या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते पुढच्या गोष्टीवरून दिसेल.

बाप, मुलगा आणि चोपडी

युनिक्सच्या वाड्यात सर्वांचे परवलीचे शब्द एका चोपडीत नोंदलेले असत. शब्द जसेच्या तसे नव्हेत, तर दळून. गव्हाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत. तसे हे गणिताचे जाते. तुम्ही शब्द सांगितला की दिवाणजी तो पुन्हा दळून पाहतो, आणि पीठ जुळले की दार उघडतो. आधी पीठ, वर त्यात प्रत्येकाच्या वाट्याचे चिमूटभर मीठ; कारागिरांनी या युक्तीला नावही मीठ असेच दिले. पिठावरून गहू कोणाला कळणार? या भरवशावर ती चोपडी चौकातच ठेवलेली असे. कोणाही बिऱ्हाडकरूने उघडून पाहावी.

या व्यवस्थेवर १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन या दोघांनी एक निबंध लिहिला. त्यांनी लोकांचे ३,२८९ परवलीचे शब्द गोळा करून तपासले, तो त्यांतले सुमारे ८६ टक्के अगदी तोकडे किंवा सहज तर्क करता येण्याजोगे निघाले. जाते चांगले होते; दळायला आलेले धान्यच ओळखीचे होते! चोराने शब्दकोशातला एकेक शब्द आपल्या जात्यावर दळून चोपडीतल्या पिठाशी ताडून पाहावा, की कधी ना कधी जुळणारच. जसजशी यंत्रे वेगवान झाली, तसतसे हे काम सोपे होत गेले.

नियतीचा खेळ असा, की याच मॉरिसच्या मुलाने, रॉबर्ट टॅपन मॉरिसने, २ नोव्हेंबर १९८८ रोजी एक स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम संगणकांच्या जाळ्यात सोडला. तो तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. हा 'किडा' ज्या ज्या वाड्यात शिरे, तेथली चोपडी उघडी. प्रथम माणसांची नावे उलटसुलट करून पाही. नंतर आपल्याबरोबर आणलेली ४३२ शब्दांची यादी त्या पिठाशी ताडून पाही. हजारो संगणक त्याने खोळंबवून टाकले. बाप त्या वेळी अमेरिकन सरकारच्या संगणकसुरक्षा केंद्राचा प्रमुख शास्त्रज्ञ! मुलाला १९९० साली शिक्षा झाली: तीन वर्षांची देखरेख, चारशे तासांची समाजसेवा आणि दंड.

सुमारे त्याच काळात बहुतेक युनिक्सवाल्यांनी ते पीठ चौकातून हलवून, फक्त मालकाला दिसेल अशा वेगळ्या चोपडीत ठेवायला सुरुवात केली. जाते काढून टाकले काय? नाही. जाते होते तसे राहिले. वर झाकण आले. कुलूप आणि झाकण यांचे नाते हे असे आहे. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा. तो किडा चालू कामांच्या यादीत स्वतःचे नाव बदलून एका नित्याच्या निरुपद्रवी कामाचे नाव धारण करीत असे. म्हणजे झाकण्याची कला मालकापेक्षा चोराने आधी आत्मसात केली होती!

पंचाहत्तर सेंटांचा हिशेब

परंतु झाकण्याचा खरा उपयोग चोराला अडविण्यापेक्षा त्याला ओळखण्यासाठी होतो. याचे सर्वांत नामांकित उदाहरण कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडले. ऑगस्ट १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टोल नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीचे काम संपल्यामुळे संगणक विभागात धाडण्यात आले. पहिलेच काम मिळाले ते एका किरकोळ चुकीचा शोध लावण्याचे. संगणक वापरल्याबद्दल लोकांकडून घ्यावयाच्या पैशांच्या जमाखर्चात ७५ सेंटांची तफावत येत होती. आपल्याकडचा एखादा कारकून म्हणाला असता, "जाऊ द्या साहेब, खिशातले घाला!" स्टोलने ते खिशातले घातले नाहीत. त्याला आढळले, की कोणी परका माणूस आत शिरून बसला आहे आणि मालकाचे अधिकारही त्याच्या हाती आहेत.

ते त्याने मिळविले कसे? टपाल इकडून तिकडे हलविणाऱ्या एका प्रोग्रॅमला मालकाचे अधिकार देऊन ठेवलेले होते. कोठलीही वस्तू कोठेही ठेवण्याची त्याला मुभा होती. दर पाच मिनिटांनी दिवाणजी जे एक ठरलेले काम आपणहून करतो, त्या कामाच्या जागी चोराने या टपालवाल्याच्या हातून स्वतःचा बनावट प्रोग्रॅम ठेवून दिला. दिवाणजीने तो इमानेइतबारे चालविला, आणि भाडेकरूचा मालक झाला! कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, ते कावळा आपले समजून उबवितो. स्टोलला हीच उपमा सुचली, आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाचे नावही त्यावरूनच पडले.

आता येथे झाकण्याचा पहिला धडा. चोर आत येताच आधी दोन गोष्टी विचारी: आत्ता कोण कोण हजर आहे, आणि काय काय काम चालू आहे? म्हणजे रखवालदार जागा आहे की काय, याचा अदमास. दिवाणजी बोलका असल्यामुळे संगणकातच पाळत ठेवली असती, तर ती त्या यादीत दिसली असती. म्हणून स्टोलने पाळत संगणकाच्या बाहेर ठेवली. एका शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर त्याने कचेरीतली छापयंत्रे आणि छोटे संगणक उसने गोळा केले, आणि बाहेरून येणाऱ्या पन्नास तारांना ते जोडून दिले. चोर जे जे टंकित करी, ते कागदावर उमटे. आणि चोराला त्याचा मागमूसही लागत नसे.

दुसरा धडा त्याहून सुंदर आहे. चालू कामांची यादी मागताना चोर त्या हुकमाला एक जादा अक्षर जोडीत असे. ते अक्षर बेल प्रयोगशाळेच्या जुन्या वळणाच्या युनिक्समध्ये लागे. बर्कलीच्या युनिक्समध्ये त्याची गरजच नव्हती. स्टोलच्या एका सहकाऱ्याने कागद पाहताच ओळखले, की हा माणूस आपल्याकडच्या तालमीत तयार झालेला नाही! भाषेच्या माणसाला ही गोष्ट फार भावते. 'करून राहिला' म्हणणारा नागपूरकडचा आणि 'करत असा' म्हणणारा मालवणीतला, हे आपल्याला एका वाक्यात कळते. तसा एका अक्षरावरून चोराचा मुलूख कळला. घर परके असले, की पाऊल परक्या तऱ्हेनेच पडते.

तिसरा धडा हुलकावणीचा. एखादी खरोखरच नाजूक माहिती चोर खेचू लागला, की स्टोल आपल्या किल्ल्यांचा जुडगा त्या तारेच्या टोकांवर खुळखुळवीत असे. तिकडे अक्षरांचा गोंधळ उडे, आणि 'आज तार खराब दिसते' असे म्हणून चोर नाद सोडी. दार लावून घेतले असते, तर त्याला संशय आला असता.

माग जर्मनीतल्या हॅनोव्हर गावापर्यंत पोचला. पण तेथली टेलिफोनची यंत्रणा जुनी. तार कोणत्या घरातून येते हे शोधायला तंत्रज्ञांना बराच वेळ लागे, आणि चोर तेवढा वेळ थांबत नसे. तेव्हा स्टोलच्या मैत्रिणीला, मार्थाला, न्हाणीघरात एक युक्ती सुचली. चोराला लष्करी कागदांची हाव आहे ना? मग त्याला हवे ते कागद आपणच तयार करून ठेवू! १९८७ च्या जानेवारीत 'एसडीआयनेट' नावाच्या एका मुळात नसलेल्या खात्याचे भरपूर रटाळ सरकारी कागद तयार झाले. चोर तासाहून अधिक वेळ वाचीत बसला, आणि तार शेवटपर्यंत शोधता आली. त्याच कागदांत 'अधिक माहितीसाठी टपालाने लिहा' असा एक पत्ताही पेरलेला होता. काही महिन्यांनी पिट्सबर्गहून खरोखरच एक पत्र आले! जे खाते जगात नव्हते, त्याची चौकशी करणारे पत्र. ते कागद चोरावाचून कोणी पाहिलेच नव्हते. तेव्हा चोराने वाचलेले दुसऱ्या कोणापर्यंत तरी पोचत होते, हे त्या एका पाकिटाने सिद्ध केले.

चोर म्हणजे मार्कुस हेस नावाचा तरुण. सुमारे ४५० संगणकांची दारे त्याने ठोठावून पाहिली होती, आणि ३० हून अधिक उघडलीही होती. मिळालेला माल सोव्हिएत हेर खात्याला, केजीबीला, विकला जात होता. १९९० साली त्याला व त्याच्या साथीदारांना जर्मन न्यायालयाने दोषी ठरविले. शिक्षा मात्र स्थगित ठेवल्या. ७५ सेंटांपासून निघालेला हा माग केजीबीच्या दारात जाऊन थांबला.

रांगोळी आणि कॅनरी

स्टोलने जे हाताने केले, ते पुढे दिवाणजीच्या अंगवळणीच पाडण्यात आले. त्यांतल्या दोन युक्त्या सांगतो.

प्रत्येक प्रोग्रॅम काम करताना एका टिपणात 'हे उरकल्यावर परत कोठे जायचे' हे लिहून ठेवतो. चोर काय करतो? चार शब्दांच्या जागेत चाळीस शब्द कोंबतो. मजकूर ओसंडून खाली उतरतो, आणि परतीचा पत्ता पुसून तेथे चोराचा पत्ता बसतो. १९९८ साली संशोधकांनी यावर स्टॅकगार्ड नावाचा उपाय मांडला. परतीच्या पत्त्याच्या अलीकडे एक गुप्त आकडा ठेवायचा. निघण्यापूर्वी तो जागेवर आहे का पाहायचे. नसेल तर काम तिथल्या तिथे बंद. त्या आकड्याला नाव पडले कॅनरी. कोळशाच्या खाणीत विषारी वायू आधी कळावा म्हणून ज्या पिवळ्या पक्ष्याला पिंजऱ्यातून नेत, तो हा. आपण त्याला उंबऱ्यावरची रांगोळी म्हणू या. कोणी पाय ठेवला की ती फिसकटते. आणि नक्षी प्रत्येक वेळी नवी व गुप्त असल्यामुळे चोराला ती पुन्हा होती तशी काढता येत नाही.

दुसरी युक्ती सामान हलविण्याची. चोराला परतीचा खोटा पत्ता लिहायचा असेल, तर हवी ती वस्तू वाड्यात कोठे आहे हे ठाऊक असावे लागते. पूर्वी प्रत्येक वाड्यात ती त्याच कोनाड्यात असे. २००१ साली लिनक्सकरिता पॅक्स या प्रकल्पाने ही मांडणी दर वेळी बदलण्याची कल्पना रुजविली. २००७ मध्ये घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टातही ती होती. ओपनबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टिम तर २०१७ पासून प्रत्येक वेळी चालू होताना दिवाणजीची स्वतःची अंतर्रचनाच नव्याने जुळविते. चोराचा अंदाज चुकला, की तो बहुधा भिंतीवर आपटतो. प्रोग्रॅम कोसळतो, आणि त्याची नोंद होते. अंधारात घरच्या माणसाला उंबरठा ठाऊक असतो, परका ठेचकाळतो. त्या ठेचेचा आवाज ऐकू येणे, हेच झाकण्याचे खरे फळ.

आणि शेजाऱ्याची चूल? २०१२ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला वेळोवेळी किती जागा लागते एवढेच पाहत राहिले, तरी तो इंटरनेटवर कोणते पान उघडून बसला आहे हे ओळखता येते. फोडणीच्या वासावरून शेजारणीचा बेत ओळखावा, त्यातलाच हा प्रकार. त्याच वर्षापासून लिनक्समध्ये एकाची कामे दुसऱ्याला दिसू न देण्याची सोय आली, आणि २०१६ च्या सातव्या आवृत्तीत अँड्रॉइडने ती लागू केली. तुमच्या मोबाइलमधले खेळाचे ॲप बँकेच्या ॲपच्या चुलीत डोकावू शकत नाही, त्याचे थोडे श्रेय या पडद्याला आहे.

झाकण्याची किंमत

तरीही केर्कहॉफ्सचा इशारा विसरून चालणार नाही. पडदे फाटतात. दिवाणजीच्या खोलीचा नकाशा भाडेकरूंच्या नजरेला चोरून पडतो हे ध्यानात आल्यावर, २०१७ साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्स येथील संशोधकांनी तो नकाशा त्यांच्या खोल्यांतून समूळ काढून घेण्याचा उपाय सुचविला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाचा दोष जाहीर झाला. अनेक संगणकांच्या मेंदूतच अशी फट होती, की भाडेकरूला दिवाणजीची वही वाचता येत होती! सुदैवाने ग्रात्सचा उपाय येथे कामी आला. पण का? त्याने नुसता पडदा लावला नव्हता, तर मधे भिंत घातली होती. पडदा तो पडदा, भिंत ती भिंत.

दुसरी किंमत प्रामाणिक माणसांनी मोजायची असते. वाड्यात दिवे मालविले, की चोराबरोबर म्हातारी माणसेही ठेचकाळतात. दिवाणजी मुका झाला, की यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही काही कळेनासे होते.

आणि तिसरी किंमत सर्वांत मोठी. माझा एक जुना विद्यार्थी एका कचेरीत संगणकांची व्यवस्था पाहतो. दरवर्षी दिवाळीत फराळाला येतो. गेल्या खेपेस त्याने सांगितले, की त्याने 'कायम करावयाच्या नोकरांची यादी' अशा नावाचा एक खोटा कागद संगणकात पेरून ठेवला होता. तो उघडण्याचे कोणाला कारण नव्हते. उघडला की याच्याकडे घंटा वाजे. चार महिने शांतता. मग एके दुपारी घंटा वाजली. कागद उघडणारा हिशेबखात्यातला नवा पोरगा निघाला. वरिष्ठ म्हणाले, त्याला आजच घरी पाठवा!

"मग तू काय केलंस?" मी विचारले.

"सर, घंटा वाजली एवढंच मला कळलं होतं. का वाजली, ते घंटेला कुठे ठाऊक असतं?"

त्याने आधी बाकीच्या नोंदी तपासल्या. पोराने दुसऱ्या कोठल्याही दाराला हात लावला नव्हता, काही उतरवून घेतले नव्हते. कागद अर्ध्या मिनिटात मिटला होता. मग त्याला एकट्याला बोलावून विचारले. तात्पुरते नोकर काढणार अशी कुजबूज कचेरीत महिनाभर चालू होती, खरेखोटे कोणी सांगत नव्हते, आणि घरी आजारी वडील. त्याला फक्त आपले नाव पाहायचे होते. चुकले ते चुकलेच. त्याला लेखी समज मिळाली. पण नोकरी राहिली. वरिष्ठांनाही माझ्या विद्यार्थ्याने अदबीने सांगितले, "साहेब, जे सांगायला हवं ते आपण झाकून ठेवलं, म्हणून माणसं नको ती मूठ उघडायला लागली." पुढच्या आठवड्यात खरी यादी फलकावर लागली.

मला वाटते, या वादाचा निकाल या प्रसंगात आहे. सापळा बातमी देतो, न्याय देत नाही. वाड्याचा नकाशा, शेजाऱ्याची चूल, कोठीच्या किल्लीची खुंटी ही झाकावी. ज्याचा त्याच्याशी संबंध नाही त्याला ती दाखविण्याचे कारण नाही. उंबऱ्यावर रांगोळी काढून ठेवावी, आणि ती फिसकटली तर रात्री उठून पाहावे. पण मोडके कुलूप झाकणाखाली लपवू नये. ते दुरुस्त करावे. तुमच्यामाझ्यापुरते बोलायचे, तर मोबाइलमध्ये नवी दुरुस्ती आल्याची सूचना दिसली की 'उद्या पाहू' म्हणू नये. दहांतल्या ज्या सहा ॲपना आपण ओळखतही नाही, त्यांना या दिवाळीच्या साफसफाईत निरोप द्यावा. आणि परवलीचा शब्द शब्दकोशात सापडणारा नसावा.

झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरेच आहे. फक्त जमाखर्च नीट मांडावा: त्यांतले लाख कुलपाचे, आणि वरचे पाव लाख झाकण्याचे. लाखाचा पत्ता नसताना पाव लाखावर जो घर सोडून यात्रेला जातो, त्याच्या घरी चोराला रांगोळी ओलांडण्याचेही कष्ट पडत नाहीत.